तेल प्यायलेलं टेबल

एका रविवारी सकाळी बाबांनी आजोबांचं टेबल मधल्या खोलीतून ओढत अंगणात आणलं. दोन्ही खण काढून ओट्यावर ठेवले, टेबल पालथं घातलं, आणि फुटलेल्या तसबिरीच्या काचेचा एक तुकडा घेऊन ते त्याचा पाय खरवडायला बसले. का, ते कुणालाच सांगितलं नाही. आईनं दोनदा दारातून पाहिलं, एकदा चहा नेऊन ठेवला, आणि मग मला आत बोलावून हळूच विचारलं, "काऊन खरवडून राहिले?"

"मले काय माहीत. तूच विचार."

"मी नाही विचारत," आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

आमच्या घरात कुणी कुणाला थेट काही विचारत नसे. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, फक्त तशी रीतच पडून गेली होती. बाबांना आईकडून काही हवं असलं तर ते मला सांगत, आईला बाबांना काही सांगायचं असलं तर ती मला सांगे. मी तेरा वर्षांची होते आणि या सांगकामाचा मला मनस्वी कंटाळा यायचा. कंटाळा आला की मी निरोपात माझ्या पदरचं घालायचे. आई म्हणायची, "सांग, साखर संपली," आणि मी बाबांना सांगायचे, "साखर संपली, आणि तुम्ही विसरणार आहात." ते खरंही असायचं.

पण त्या वर्षी मला सांगण्यासारखंच कुणाकडे काही नव्हतं. राज्यांची नव्यानं वाटणी व्हायची होती. तोवर आम्ही नागपूरच्या राज्यात होतो. बाबा बऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते, आणि त्यांच्या कचेरीचे हुकूम, शिक्के, साहेब सगळं नागपूरहून यायचं. आईचं माहेर अमरावती, तेही आमच्याच राज्यात. आता नागपूर-अमरावती मुंबईकडे जाणार आणि आम्ही भोपाळकडे, असं सगळे म्हणत होते. आमच्या हद्दीवरच्या इच्छापूरच्या पलीकडचं रावेर, जिथं माणूस सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत येतो, ते आधीपासूनच मुंबई राज्यात होतं. म्हणजे हाकेच्या अंतरावरचं रावेर परकं आणि रेल्वेनं जावं लागणारी अमरावती आपली, असा प्रकार होता. तो कसाबसा माझ्या डोक्यात बसला होता, तेवढ्यात दोन्ही पलीकडची झाली. आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी आम्हाला राज्याचा नकाशा रंगवायला लावला आणि पुढच्या आठवड्यात सांगितलं की तो रंगवू नका, थांबा. माझा रंगवून झाला होता. मला इतका राग आला की मी ते पान फाडून टाकलं.

कचेरीत एक कागद फिरला. ज्यांना पलीकडच्या राज्यात नोकरी हवी, त्यांनी दसऱ्याच्या आधी तसं लिहून द्यावं. जे काहीच लिहून देणार नाहीत ते इथलेच धरले जातील. बाबांनी तो कागद घरी आणला, मोठ्यानं वाचून दाखवला, टेबलाच्या उजव्या खणात ठेवला, आणि पुढे त्यावर अवाक्षर काढलं नाही. जायचं म्हणाले नाहीत, राहायचं म्हणाले नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी त्यांनी टेबल खरवडायला घेतलं.

आईला जायचं होतं. माझी अमरावतीची आजी त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती आणि दोन वर्षं आईचं माहेरी जाणं झालं नव्हतं. पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे पाठ करून, ती एकदा म्हणाली, "तिकडे असतो तं माय रोज दिसली असती मले. मले तं जावंच वाटते." मी पोळी भाजत होते. मी म्हटलं, "पोळी करपली." आणि ती खरंच करपली होती.

आता त्या टेबलाबद्दल सांगायला हवं, कारण ते नुसतं टेबल असतं तर कुणाच्याच जिवाला घोर लागला नसता. आजोबा पटवारी होते. शेतांच्या नोंदी ठेवायच्या, लोकांची वाटणीची भांडणं ऐकायची, हे सगळं ते या टेबलावर करत. चार फूट लांब, सागवानी, दोन खण, पितळी कड्या. आजोबा गेले तेव्हा बहादरपूरचं केळीचं शेत मोठ्या भावाकडे राहिलं आणि टेबल बाबांकडे आलं, कारण लेखणी बाबांच्या हातात होती. बाबांच्या या मोठ्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणत असू.

दसऱ्याला कुणी नांगर पुजतं, कुणी तराजू, कुणी वह्या. आमच्याकडे टेबल पुजत. मोठे बाबा बहादरपूरहून सकाळीच यायचे. त्यांनी बरोबर आणलेलं भुईमुगाचं तेल वाटीत कोमट करायचं, दोघा भावांनी बाह्या सरसावून समोरासमोर उभं राहायचं आणि तळहातांनी ते तेल टेबलाला चोळायचं, वाटी रिकामी होईपर्यंत. मग चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू, चारही कोपऱ्यांवर आपट्याची पानं. मोठे बाबा टेबलाशी खुर्चीवर बसत आणि बाबा त्यांच्या पाया पडत. एरवी दोघं भाऊ एकमेकांशी केळीचे घड आणि पाऊसपाणी यापलीकडे बोलत नसत. आजोबांच्या काळापासून हे चालत आलेलं. टेबल काळसर, गुळगुळीत झालं होतं आणि त्याला कायम एक खमंग वास येई. लहानपणी मी त्याला नाक लावून अभ्यास करायचे.

म्हणून टेबल अंगणात आलं तेव्हा ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. आईच्या मते आपण निघालो. "पॉलिश करून नेतीन," ती मला म्हणाली. "अमरावतीले चांगल्या घरात ठेवाचं तं असं मळकट कसं नेतीन?" त्या दिवसापासून तिच्या अंगात उत्साह संचारला. दुपारी बाबा कचेरीत गेले की ती स्वतः पदर खोचून, पॉलिश पेपरनं टेबलाचे पाय घासायला बसायची. गाणंही गुणगुणायची. बाबा परत आले की त्यांना पाय जास्त घासलेला दिसे, पण तेही विचारत नसत.

मग एक दिवस दुपारी मोठे बाबा आले. सायकलला केळ्यांचा घड बांधलेला. अंगणात टेबल पाय वर करून पडलेलं, सगळीकडे तपकिरी भुसा. ते सायकल धरून तसेच उभे राहिले. बाबा घरी नव्हते. आई मोठ्या बाबांसमोर येत नसे. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राही आणि माझ्याकरवी बोले. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू यायचं, तरी मधे मी लागायचेच.

"पोरी, कायले खरवडलं हे?" मोठे बाबा म्हणाले.

"सांग, यांनाच विचारा," दाराआडून आई.

"बाबांनाच विचारा म्हणते," मी.

"इकायचं हाय का?"

"सांग, इकत नाहीत," आई.

मोठ्या बाबांनी खाली वाकून टेबलाच्या खरवडलेल्या जागेवर हात फिरवला. लाकूड तिथं उघडं, पिवळट दिसत होतं. बोटांना लागलेला भुसा त्यांनी धोतराला पुसला. मग म्हणाले, "इकायचं नसंन, अन् मले परत द्यायचं असंन, तं सांग त्याले. मले रंगीत नको. मले होतं तसंच पाहिजे." घड ओट्यावर ठेवून, पाणीही न घेता ते निघून गेले.

त्यांना वाटलं, धाकटा भाऊ चालला आणि जाता जाता टेबल परत करतोय. आईला वाटत होतं, टेबल आपल्याबरोबर चाललंय. मला काहीच कळत नव्हतं आणि न कळण्याचा मला फार त्रास होतो, अजूनही होतो. संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी सगळं एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी म्हटलं, "तर मग काय सांगू त्यांना?"

"हं," बाबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बाजारातून रंगाचे दोन लहान डबे आणले, एक तपकिरी, एक हिरवा. आता दोन का? एक पाय हिरवा रंगवला, एक तपकिरी, आणि अंगणाच्या टोकाला जाऊन मान वाकडी करून बघत बसले. चार दिवस टेबल तसंच उभं होतं, एक पाय हिरवा, एक तपकिरी, दोन उघडे. आईनं हिरव्या रंगावरून अंदाज बांधला, की कचेरीतली कपाटं हिरवी असतात, म्हणजे सरकारी क्वार्टर मिळणार. शेजारच्या काकूंना वाटलं, आम्ही चहाचं हॉटेल काढतोय. पाचव्या दिवशी बाबांनी हिरवा पायही तपकिरी करून टाकला. हिरव्या डब्याचं पुढे काय झालं, कोण जाणे.

वरच्या फळीला त्यांना रंग द्यायचा नव्हता, लाकडाची नस दिसायला हवी होती. त्यासाठी गेरू, पिवडीची पिवळी माती आणि थोडा काळा रंग स्पिरिटमध्ये कालवून ते पाणी चिंधीनं फळीला फासलं. मी चिंधी पिळून देत होते. फळी वाळली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. कडांना छान लालसर तांबूस रंग बसला होता, पण मधोमध दोन लांबट फिकट पट्टे राहिले होते, जिथं रंग धरलाच नव्हता. दसऱ्याला दोन भावांचे हात जिथं फिरत, बरोबर तिथं. आणि चारही कोपऱ्यांतून जुनी हळद वर आली होती. बाबांनी त्यावर दुसरा हात दिला, तिसरा दिला. पट्टे तसेच. मग झाकलं जाईल या आशेनं त्यांनी वरून वॉर्निश फासलं.

ते वॉर्निश वाळेचना. दोन दिवस गेले, चार गेले, आठ गेले. बोट लावलं की चिकटायचं आणि उचललं की बोटाची खूण राहायची. आईनं त्यावर चुकून वर्तमानपत्र ठेवलं, ते निघालं तेव्हा अर्ध्या बातम्या टेबलावर उलट्या छापून राहिल्या. माझ्या भूगोलाच्या वहीचं कव्हर चिकटून फाटलं. एक मुंगळा तर दोन दिवस तिथंच पाय झटकत होता, शेवटी मी त्याला काडीनं सोडवलं. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही मिस्त्रीला का नाही बोलवत?" हे मी स्वतःहून म्हटलं, कुणाचा निरोप नव्हता. बाबांना राग आला नाही, उलट सुटल्यासारखे दिसले.

मिस्त्री म्हातारा होता, शहरातल्या जुन्या घरांचे दरवाजे दुरुस्त करायचा. त्यानं टेबलाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि नखानं फळीवर एक रेघ ओढली.

"बाबूजी, इसको तेल किसने पिलाया?"

"हमारे यहाँ पूजा में लगाते हैं," बाबा म्हणाले. "हर दशहरे को."

"कितने साल से?"

"पिताजी के टाइम से."

"फिर ये रंग काहे को पकड़ेगी," मिस्त्री म्हणाला. "इसका तो पेट भरा है."

तो हसला नाही, त्यामुळे आम्हीही हसलो नाही. काय करायचं ते त्यानं नीट समजावलं. सगळं पुन्हा खरवडायचं. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं. मग खडूची पूड आणि थोडा चुना पाण्यात कालवून त्याचा जाड लेप द्यायचा आणि टेबल उन्हात ठेवायचं. ऊन लागलं की लाकूड तेल सोडतं आणि लेप ते ओढून घेतो. लेप पिवळा पडला की काढायचा, पुन्हा नवा द्यायचा. चार-पाच वेळा. मग तो स्वतः येऊन चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करून देणार.

जाता जाता त्यानं विचारलं, "रखना कहाँ है इसको? उस हिसाब से पॉलिश करूँगा. यहीं रहेगी या कहीं भेजना है?"

आई दाराआडून ऐकत होती, मला तिच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं. बाबा टेबलाकडे बघत राहिले. मिस्त्रीनं परत विचारलं.

"सोचकर बताता हूँ," बाबा म्हणाले.

महिनाभर ज्याला आम्ही सगळे टाळत होतो, तो प्रश्न एका परक्या माणसानं पॉलिशसाठी विचारला आणि तरीही त्याचं उत्तर मिळालं नाही. मला वाटलं, डोकं आपटून घ्यावं.

लेपाचे दिवस सुरू झाले. भाद्रपद संपत आलेला, ऊन कडक. अंगणात पांढरंफटक टेबल उभं असायचं आणि संध्याकाळी ते पिवळं पडायचं, वर्षानुवर्षांचं तेल हळूहळू वर येत होतं. आई आत आवराआवर करत होती. तिनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली. न्यायची भांडी एकीकडे, द्यायची एकीकडे केली. कुणी तिला जायचं असं सांगितलं नव्हतं, पण कुणी राहायचं असंही सांगितलं नव्हतं, आणि टेबल चकचकीत होणार होतं, तेवढं तिला पुरेसं होतं. तिनं अमरावतीला मावशीला पत्र टाकलं. त्यात काय लिहिलं ते मला वाचू दिलं नाही.

कागद द्यायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर माझी भातुकली नाहीशी झालेली. पितळेची, माझ्या अमरावतीच्या आजीनंच दिलेली. चार वर्षांत मी तिला हात लावला नव्हता, खरं सांगायचं तर ती कुठं आहे हेही मला आठवत नव्हतं. आईनं ती शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती. मी थयथयाट केला. "मले न विचारता दिलीच कशी?" आई म्हणाली, "एवढी घोडी झाली, आता भातुकली खेळतं का? ट्रंकेत जागा कुठं हाय?" मी म्हटलं, जायचं नक्की नाही आणि ही ट्रंका भरून राहिली. हे म्हणायला नको होतं. आईनं माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला क्वचितच मारलं असेल. मला मारून तीच रडायला लागली आणि आत गेली. मी अंगणात आले, गाल गरम, डोळे गरम.

बाबा कचेरीतून आले होते आणि शेवटचा लेप खरवडत होते. या वेळी खडू पांढराच राहिला होता. लाकडातलं तेल संपलं होतं. त्यांनी मला एक पत्र्याची पट्टी दिली आणि मी दुसऱ्या बाजूनं खरवडायला लागले. सूर्य मावळायला थोडा वेळ होता. खडूची पूड दोघांच्या हातावर, पायावर. मग बाबा म्हणाले, "जावं का आपण?"

मला वाटलं स्वतःशीच बोलतायत. मी खरवडत राहिले.

"तुले विचारून राहिलो," बाबा म्हणाले. "उद्या कागद द्यायचा शेवटचा दिवस हाय. तिकडे जावं, का इथंच राहावं? तुले काय वाटते?"

मला काय हवं, हे तोवर कुणी विचारलेलं नव्हतं. काय खाणार, एवढंसुद्धा नाही. मी एकदम मोठी झाले असं मला वाटलं, आणि त्याच वेळी गाल दुखत होता. मी म्हटलं, "नको. इथंच राहू. मले नाही जायचं."

बाबांनी मान हलवली. त्यांचे हात थांबले होते. मग त्यांनी घराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "तुझी आई काही बोलली का? तिच्या मनात काय हाय?"

मला माहीत होतं. त्या घरात ते फक्त मलाच माहीत होतं. ट्रंक तर बाबांनाही दिसत होती, पण आई दरवर्षी दसऱ्याच्या आधी ट्रंक काढून कपड्यांना ऊन द्यायची, त्यावरून त्यांना काही ठरवता आलं नसणार. मी पट्टीनं कोपऱ्यातला खडू काढत म्हटलं, "नाही. काही नाही बोलली."

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांनी तो कागद दिला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले, पाय धुतले, चहा घेतला, आणि मला म्हणाले, "मिस्त्रीले सांगून ये, टेबल इथंच राहीन." आई चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं. ती उठली नाही, वळली नाही. रात्रीच्या भाकरी तिनं रोजच्यासारख्याच केल्या. सकाळी मी उठले तेव्हा ट्रंक माळ्यावर परत गेली होती. एवढी जड ट्रंक तिनं एकटीनं कशी चढवली, मला माहीत नाही.

मिस्त्रीनं दोन दिवस बसून पॉलिश केलं. टेबल इतकं सुंदर झालं की आमचं वाटेना. त्यात तोंड दिसायचं. वास मात्र गेला होता.

दसऱ्याला मोठे बाबा आले ते कोऱ्या चेहऱ्यानं. हातात नेहमीप्रमाणे तेलाची वाटी होती, बहादरपूरहून फडक्यात बांधून आणलेली. मधल्या खोलीत आले, टेबल पाहिलं, आणि वाटी कुठं ठेवावी ते त्यांना समजेना. बाबा म्हणाले, "दादा, बदली नाही घेतली. इथंच राहिलो."

मोठ्या बाबांनी वाटी माझ्या हातात दिली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मले वाटलं, चालला तू." मग दोघं भाऊ खाली वाकले आणि टेबलाच्या खालच्या बाजूनं, जिथं पॉलिश नव्हतं, तिथं त्यांनी तेल चोळलं, दोघांचीही डोकी टेबलाखाली. दोघं हसत होते. मी दाराकडे पाहिलं. दाराआड आईचा पदर दिसत होता. "सांग, जेवण तयार हाय," ती म्हणाली. मी सांगितलं.

अमरावतीची आजी त्याच हिवाळ्यात गेली. तार आली तेव्हा आई मिळेल त्या गाडीनं निघाली, बडनेऱ्याला उतरून अमरावतीला पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. परत आली तेव्हा तिनं मावशीनं दिलेला आजीचा एक चष्मा आणला होता. त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मी तिच्या पुढे पुढे करत होते, पाणी भरत होते, न सांगता भांडी घासत होते. आई शेजारणीला म्हणाली, पोरगी समजदार झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना मी खूप वर्षांनी विचारलं होतं, ते सेवानिवृत्त झाल्यावर, की तुम्ही ते टेबल तेव्हा नेमकं कशासाठी काढलं होतं, न्यायला, परत द्यायला, की ठेवायला. "मले तरी कुठं माहीत होतं," म्हणाले. "कागद खणात होता. तो काढावासा वाटेना, म्हणून खणच काढले, अन् मग खरवडत बसलो." यापेक्षा जास्त त्यांच्याकडून कधीच मिळालं नाही. ते शेवटच्या दुखण्यात होते तेव्हाही माझ्या मनात होतं की त्यांना खरं सांगून टाकावं, आणि सांगितलं नाही.

आई त्यांच्यानंतर नऊ वर्षं होती. मी दिवाळीच्या सुट्टीत बऱ्हाणपूरला गेले की आम्ही दोघी दुपारी मधल्या खोलीत लोळत असू. नात्यातलं कुणीतरी अमरावतीला घर बांधत होतं, त्यावरून विषय निघाला. आई वर छताकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "त्या वेळेस मी तुले बोलून ठेवलं होतं, पोळ्या करताना. मले जावंसं वाटते म्हणून. आठवते का तुले?"

मी म्हटलं, आठवतं.

"हे मले नाही विचारणार, मले माहीत होतं. तुले विचारतीन असं वाटलं होतं. तू त्यांले सगळं सांगायची ना, म्हणून तुझ्यापाशी सांगून ठेवलं होतं." तिनं पदर सारखा केला. "पण यांनी तुलेही नसंनच विचारलं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मला खरं सांगायला तेव्हाही काही अडचण नव्हती. खोलीत आम्ही दोघीच होतो आणि तिला कुठं जायची घाई नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "नाही विचारलं."